रंगाऱ्याच्या दुकानात एक साडी आणि एक शब्द

पुण्याच्या एका जुन्या पेठेत, भांड्यांच्या दुकानांमागच्या बोळात, जेमतेम दहा फूट रुंदीचे एक दुकान आहे. पिवळ्या पत्र्यावर निळ्या अक्षरांत ‘रंगारी’ एवढाच शब्द रंगवलेला आहे आणि त्याखाली, उन्हापावसाने अर्धवट पुसल्या गेलेल्या ओळीत, ‘साड्या, शालू, ओढण्या रंगवून मिळतील. रोल प्रेस, पॉलिश’ असे वाचता येते. गेल्या दिवाळीनंतर मी या दुकानात आईची एक रेशमी साडी रंगवायला दिली होती. त्या कामाचा हा अभिप्राय आहे. त्यात तक्रारीचाही भाग असल्यामुळे दुकानाची अधिक ओळख मी दिलेली नाही.

दुकानात शिरण्याचे कारण साडी हे होते खरे, परंतु पाय थांबले ते पाटीवरच्या शब्दामुळे. माझा व्यवसाय भाषांतराचा आणि मुद्रितशोधनाचा. त्याच्या काही महिने आधी वस्त्रोद्योगावरच्या एका प्रशिक्षण-पुस्तिकेचे मराठी करताना ‘कलरिस्ट’, म्हणजे हवी ती छटा ठरवून जुळवणारा, हा शब्द पानोपानी आडवा येत होता आणि त्याला मराठीत काय म्हणावे यावर संपादकांशी माझे तीनदा बोलणे झाले होते. एका तरुण सहकाऱ्याने ‘रंगकर्मी’ सुचवला. तो हसण्यावारी गेला, कारण रंगकर्मी म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर तालमीचा हॉल आणि चहाचे ग्लास येतात; तिथला रंग रंगभूमीचा आहे, पातेल्यातला नाही. ‘रंगकार’ कोणी बोलत नाही. ‘रंगशास्त्रज्ञ’ म्हणावे तर पुस्तिकेतला माणूस कारखान्यात आठ तास उभा राहून काम करणारा होता. ‘रंगारी’ हा शब्द मीच सुचवला आणि मीच मागे घेतला, कारण आज रंगारी म्हणजे भिंतींना रंग देणारा, असे संपादकांचे म्हणणे पडले आणि ते खोडून काढण्याइतका पुरावा माझ्याजवळ नव्हता. अखेर ‘रंगतज्ज्ञ’ छापला गेला. तो चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. पण कोणी तो तोंडाने उच्चारलेला मी अजून ऐकलेला नाही.

साडी अबोली रंगाची, जरीच्या काठाची, सुमारे चाळीस वर्षांपूर्वीची. वर्षानुवर्षे एकाच घडीत राहिल्याने घड्यांच्या रेषांवर रंग विरून फिकट पट्टे उमटले होते, मात्र पोत कुठेही फाटलेला नव्हता. भाचीच्या लग्नात ती नेसावी आणि त्यासाठी ती आमसुली करून घ्यावी, असे माझ्या मनात होते. फिकट रंगावर गडद रंग चढतो, गडदावर फिकट चढत नाही, एवढे तर होळीच्या दुसऱ्या दिवशी कपडे धुणाऱ्या कोणालाही ठाऊक असते, म्हणून काम सोपे असेल अशी माझी समजूत होती.

दुकानातले काका साठीच्या पुढचे आहेत. त्यांच्या दोन्ही हातांच्या नखांच्या कडा कायमच्या जांभळट झाल्या आहेत. त्यांनी मला रंग कोणता हवा हे विचारलेच नाही. पदर उलगडून त्याच्या दशांमधून त्यांनी दोन धागे ओढले, एक उभा आणि एक आडवा, आणि काडी पेटवून ते एकामागून एक जाळले. दोन्ही धाग्यांना केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटांत चुरली. ‘दोन्ही रेशीम आहे,’ ते म्हणाले. आडवा धागा दुसरा निघाला असता तर? मी विचारल्यावर त्यांनी मागच्या फळीवरची एक ओढणी दाखवली. ताणा रेशमाचा आणि बाणा पॉलिएस्टरचा असलेल्या कापडावर रेशमाचा रंग टाकला की रंग फक्त ताणा घेतो आणि कापड मातकट दिसते. पॉलिएस्टरला वेगळ्या जातीचा रंग लागतो आणि तो नीट आत शिरायला दाबाखाली १३० अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता लागते, जी उघड्या पातेल्यात मिळणे शक्य नाही. कापूस जळताना कागदासारखा वास येतो आणि पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. ही परीक्षा वस्त्रविद्येच्या पहिल्या वर्षाच्या वहीत असते. पण माझ्या घराजवळच्या एका चकचकीत ड्रायक्लीनरकडे मी आधी गेले होते, तिथे कापडाला हातही न लावता ‘होऊन जाईल’ असे उत्तर मिळाले होते, हे इथे नोंदवून ठेवते.

मग जरीची पाळी. काठाच्या मागच्या बाजूची एक तार नखाने उसकून त्यांनी भिंग लावून पाहिली आणि ही जर चांदीची आहे असे सांगितले. यामुळे काम सोपे होण्याऐवजी अवघड झाले. जुना रंग आधी उतरवून कापड पांढरट करायचे आणि मग नवा रंग द्यायचा, ही घड्यांचे पट्टे घालवण्याची खात्रीची रीत आहे. परंतु रंग उतरवायला जे रसायन वापरतात, ज्याला या धंद्यात नुसते ‘हायड्रो’ म्हणतात, ते गंधकाचे असल्याने चांदीला काळी पाडते. प्लॅस्टिकच्या जरीला ही भीती नसते. तेव्हा निवड माझी होती: जर सांभाळायची की पट्टे घालवायचे. मी जर सांभाळायला सांगितली. ‘मग खाली जे आहे ते थोडं वर दिसणारच, ताई. मागाहून म्हणू नका,’ असे त्यांनी स्पष्ट बजावले. पुढे तसेच झाले, आणि मी काही म्हणाले नाही.

यानंतर मी ‘आमसुली’ म्हटले. काकांनी वही उघडली, पेन्सिल कानावरून काढली आणि विचारले, ‘कोणतं आमसूल? डब्यातलं, भिजवलेलं, की त्याचं पाणी?’

या प्रश्नाने मी क्षणभर गप्प झाले. शब्दांच्या धंद्यात इतकी वर्षे घालवूनही ‘आमसुली’ हा एक रंग नसून तीन आहेत, हे मला कधी सुचले नव्हते. डब्यातले आमसूल जवळजवळ काळे असते, त्यात जांभळ्याची फक्त आठवण असते. तेच पाण्यात टाकले की कडेने तांबूस होत जाते आणि मधे गडद राहते. पाणी मात्र लालचुटुक, आणि त्यात नारळाचे दूध पडले की सोलकढीचा गुलाबी. काकांच्या वहीत या तीन अवस्थांना तीन वेगळी प्रमाणे लिहिलेली आहेत. मी ‘भिजवलेलं’ म्हणाले. त्यांनी ‘भि. आमसुली’ असे लिहून घेतले.

माझ्या अभिप्रायातला सगळ्यात मोठा गुण मी या प्रश्नाला देते. साडीच्या बाजारात रंगांची जी नावे चालतात त्यांपैकी बरीच अशी वस्तूंवरून आलेली आहेत: मोरपंखी, डाळिंबी, अंजिरी, कोनफळी, गुलबक्षी, शेवाळी, विटकरी, मोतिया. विकणारा नाव घेतो, घेणारा मान डोलावतो आणि दोघांच्या डोळ्यांपुढे वेगवेगळे फळ असते. डाळिंबी म्हणजे दाणा की साल? अंजीर ताजे की सुके? गिरण्यांमध्ये आणि इचलकरंजी-सोलापूरकडच्या प्रोसेस हाऊसमध्ये हा घोळ टाळण्यासाठी शेडकार्डावरचे क्रमांक वापरतात. तिथे ‘डाईंग मास्टर’ असतो, त्याच्या हाताखाली प्रयोगशाळा असते, आणि कापडाचा रंग नमुन्यापासून किती ढळला हे यंत्राने मोजून ‘डेल्टा ई’ नावाच्या आकड्यात सांगितले जाते. तो मार्ग अचूक आहे यात शंका नाही. पण आईच्या साडीला शेडकार्ड नसते. तिथे गिऱ्हाइकाच्या तोंडातल्या शब्दापासून पातेल्यातल्या रंगापर्यंत पोहोचवणारा माणूसच लागतो, आणि पुस्तिकेतल्या ‘कलरिस्ट’चे नेमके हेच काम होते.

इंग्रजीत हा शब्द चौफेर चालतो. सलूनमध्ये केस रंगवणारा कलरिस्ट, चित्रपट पूर्ण झाल्यावर दृश्यांचा रंग बसवणारा कलरिस्ट, कॉमिक्सच्या रेखाटनांत रंग भरणारा कलरिस्ट आणि रंगद्रव्यांच्या कारखान्यात छटा जुळवणाराही कलरिस्टच. तरीही कापडाच्या धंद्यात इंग्रजांनी हा शब्द रंगाऱ्यापासून वेगळा ठेवला आहे. १८८४ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड या लोकरीच्या गावी जी संस्था निघाली तिचे नाव ‘सोसायटी ऑफ डायर्स अँड कलरिस्ट्स’ असे आहे. म्हणजे कापड बुडवणारा तो डायर आणि रंगाचा विचार करणारा तो कलरिस्ट, अशी विभागणी नावातच केलेली दिसते. आपल्याकडे रंगारी या शब्दात ही फट नव्हती. जो बुडवत असे त्यालाच विचारही करावा लागे.

शब्दाची घडण पाहिली तरी हे दिसते. कुंभार, सोनार, लोहार या शब्दांत जसा ‘कार’ झिजून ‘आर’ झालेला आहे, तसाच तो चितारी आणि रंगारी या शब्दांतही आहे. चितारी आकृती काढतो. सावंतवाडीला लाकडी खेळणी आणि गंजिफाचे पत्ते रंगवणारे कारागीर आजही याच नावाने ओळखले जातात. रंगारी आकृती काढत नाही, तो वस्तूला रंग चढवतो. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात, ज्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची आहे, रंगारी म्हणजे कापड रंगवणारा आणि त्या व्यवसायाची जात. भिंतीचा तिथे संबंध नाही. भिंतीचा अर्थ बहुधा नंतर चिकटला असावा, कारण जुन्या घरांच्या भिंतींना चुना आणि गेरू फासण्यासाठी वेगळा रंगारी बोलवावा लागत नसे, ते घरचेच लोक दिवाळीच्या तोंडावर करत. पुढे डब्यातला ऑइलपेंट आला, तो लावायला सरावाचा हात लागू लागला, आणि घरोघरी कापड रंगवून घेण्याची चाल कमी होत गेल्यावर रिकाम्या झालेल्या शब्दाला भिंत मिळाली, असा माझा तर्क आहे. आता तिथेही ‘पेंटर’ आला आहे आणि रंगकंपन्यांनी पाठवलेला माणूस स्वतःला ‘कलर कन्सल्टंट’ म्हणवतो.

गंमत अशी की पुणे शहर हा शब्द वर्षातून निदान दहा दिवस मोठ्याने उच्चारते. भाऊसाहेब रंगारी यांचे खरे नाव भाऊ लक्ष्मण जावळे. ते वैद्य होते; परंतु शालू रंगवण्याचा घराण्याचा व्यवसाय असल्यामुळे रंगारी हेच नाव रूढ झाले. त्यांच्या मंडळाच्या सार्वजनिक गणपतीची सुरुवात १८९२ ची सांगतात. विसर्जनाच्या मिरवणुकीत हजारो लोक ‘भाऊ रंगारी’ म्हणतात, आणि त्यात शालू रंगवण्याचा संबंध आहे हे कोणाच्या मनातही येत नाही. मुंबईत लालबागच्या बाजूला रंगारी बदक चाळ आहे, विदर्भात रंगारी आडनावाची माणसे भेटतात. कापड रंगवण्याचा आणि छापण्याचा व्यवसाय भावसारांकडे होता. निळीचे काम करणाऱ्यांना ‘निराळी’ म्हणत. शब्द आडनावांत आणि चाळींच्या पाट्यांवर शाबूत राहिला, फक्त कामाचा म्हणून वापरायचा तो थांबला.

काकांच्या दुकानात फळीवर एक काचेची बरणी आहे आणि तिच्यात सुकलेले हिरडे आहेत. त्यांचा आता उपयोग नाही. आजोबांच्या वेळचे म्हणून ठेवले आहेत. काष्ठौषधीच्या दुकानात हिरड्याचे जे प्रकार सांगतात, बाळहिरडा, चांभारी हिरडा, सुरवारी हिरडा, त्यांत एक ‘रंगारी हिरडा’ही असतो, हे मला त्या बरणीवरून कळले. सुती कापड आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवायचे, मग तुरटीच्या पाण्यात, आणि त्यानंतर मंजिष्ठाच्या किंवा आल नावाच्या झाडाच्या मुळांच्या काढ्यात उकळायचे म्हणजे पक्का लाल मिळतो; हिरड्यातला तुरट अंश आणि तुरटी मिळून रंगाला धाग्याशी बांधून ठेवतात. १८५६ मध्ये लंडनला विल्यम पर्किनच्या हातून पहिला कृत्रिम जांभळा निघाला, १८६८ मध्ये मंजिष्ठाच्या युरोपी भावंडातले, म्हणजे मॅडरमधले, लाल द्रव्य प्रयोगशाळेत बनवता येऊ लागले, १८९७ मध्ये जर्मनीतल्या कारखान्याची कृत्रिम नीळ बाजारात आली, आणि हिरड्याची बरणी शोभेची झाली. काकांना याचे दुःख नाही. ‘त्या लालाला चार दिवस लागायचे आणि पाऊस आला तर आठ,’ एवढेच ते म्हणाले.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. साडी ठेवून घेताना त्यांनी दशांमधले दहाबारा धागे कापून घेतले आणि चार दिवसांनी मला नमुना पाहायला बोलावले. मी गेले तेव्हा ते धागे स्टीलच्या वाटीत रंगवून, पुठ्ठ्याच्या तुकड्याला तीन झुबक्यांत बांधून ठेवले होते. आत, मोरीच्या बाजूला, सोनाराकडे असतो तसला लहान काटा आहे. रेशमाचा रंग कापडाच्या वजनाच्या शेकड्यात मोजतात. सहाशे ग्रॅम साडीला दोन टक्के म्हणजे बारा ग्रॅम, आणि त्या बारा ग्रॅमांत अर्ध्या ग्रॅमचा फरक डोळ्याला दिसतो. तीन झुबक्यांपैकी एक मला फार भडक वाटला. तो काळा टाकून खाली आणा, असे मी सुचवले. काकांनी मान हलवली. लालात काळा घातला तर रंग मरतो आणि वर राखेचा पडदा आल्यासारखा दिसतो. लाल दाबायचा असेल तर त्यात किंचित हिरवा घालायचा, असे त्यांनी सांगितले आणि तिथल्या तिथे चौथा झुबका करून दाखवला. ओला असताना तो मला जास्तच गडद वाटला. त्यांनी इस्त्री फिरवून वाळवला आणि मग माझ्या हातात दिला. हाच तो रंग होता. आईच्या स्वयंपाकघरातल्या काचेच्या वाडग्यातला, दुपारी एकच्या सुमाराचा.

या एका गोष्टीसाठीही मी हे दुकान सुचवीन. नमुना न दाखवता पातेल्यात साडी टाकणारे अनेक आहेत.

साडी आठ दिवसांत मिळायची होती, ती सतरा दिवसांनी मिळाली. मधल्या काळात दुकानाचा फोन उचलला गेला नाही. एकदा उचलला तो एका मुलाने, ज्याने ‘बाबा वाड्यात गेलेत’ एवढेच सांगून ठेवून दिला. वाडा म्हणजे जिथे मोठी पातेली आहेत ती जागा, हे मला नंतर समजले. लग्नाला तीन दिवस उरले असताना साडी हातात आली. ज्यांच्या घरात कार्य आहे त्यांनी सांगितलेल्या मुदतीच्या दुप्पट वेळ धरूनच इथे कापड द्यावे.

पावती हा दुसरा दोष. वहीतले पान फाडून त्यावर ‘रेशमी १’ आणि रंगाचे नाव लिहून दिले जाते. साडीचे वर्णन नाही, जरीची नोंद नाही, नुकसान झाल्यास काय याविषयी अवाक्षर नाही. पंचवीसेक साड्या एकावर एक पडलेल्या असतात आणि कोणती कोणाची हे काकांच्या स्मरणावर चालते. ते स्मरण मला खोटे ठरलेले दिसले नाही, परंतु चांदीच्या जरीची साडी स्मरणाच्या भरवशावर सोडणे माझ्या जिवावर आले होते, आणि मी निघताना तिचा फोटो काढून घेतला. इतरांनीही तसेच करावे.

रंगाच्या बाबतीत निकाल असा. नमुन्याशी साडी जुळली. घड्यांचे पट्टे बऱ्याच अंशी बुडाले आहेत, मात्र निऱ्यांच्या वरच्या भागात, उजेड तिरपा पडला तर, दोन ठिकाणी ते पुसटसे दिसतात. याची आगाऊ सूचना मिळालेली होती. जर उजळ राहिली आहे, फक्त पदराच्या एका टोकाला बोटभर जागेत थोडी मंद झाली आहे. रंग सुटतो का हे पाहण्यासाठी मी ओला पांढरा रुमाल काठाजवळ घासून पाहिला तेव्हा त्याला अगदी किंचित तांबूस छटा लागली, आणि पहिल्यांदा नेसून घामट झाल्यावर परकराला काही लागले नाही. पहिली धुलाई त्यांनी ड्रायक्लीनच करायला सांगितली आहे.

साडी घेताना मी एक शंका काढली होती, तिची हकिगत सांगण्यासारखी आहे. काठाला लागून असलेली चार बोटे पट्टी मला बाकीच्या अंगापेक्षा गडद आणि जांभळट दिसत होती. रंग एकसारखा बसलेला नाही, अशी माझी खात्री झाली. काकांनी वाद घातला नाही. त्यांनी आपला तळवा काठावर ठेवून जर झाकली आणि ‘आता बघा’ म्हणाले. पट्टी नाहीशी झाली. अंग सगळीकडे एकच होते. तळवा उचलला की पट्टी परत आली. जरीचा पिवळा शेजारच्या रंगाला आपल्या उलट दिशेला, म्हणजे जांभळ्याकडे, ढकलतो. पॅरिसच्या गोबलँ या शाही विणकरशाळेत मिशेल युजेन शेव्रल हा रसायनज्ञ १८२४ पासून रंगविभागाचा प्रमुख होता. तिथल्या काळ्या लोकरीत दम नाही अशी तक्रार त्याच्याकडे आली, आणि तपासाअंती त्याला आढळले की लोकरीत दोष नाही, तिच्या शेजारी विणलेल्या रंगांमुळे काळा फिका भासतो. त्यावर त्याने १८३९ मध्ये मोठा ग्रंथ लिहिला. काकांनी तळव्यावर भागवले.

ब्लाउजपीसच्या बाबतीत मात्र चूक माझीच होती. दुकानाच्या ट्यूबलाइटखाली साडीशी तंतोतंत जुळणारे कापड मी जवळच्या मॅचिंग सेंटरमधून आणले आणि मोठ्या समाधानाने काकांना दाखवले. त्यांनी दोन्ही उचलून दाराबाहेर उन्हात धरले. साडी तांबूस होती, ब्लाउजपीस सरळसरळ तपकिरी. दोन कापडे वेगवेगळ्या द्रव्यांनी रंगवलेली असली की एका उजेडात जुळतात आणि दुसऱ्यात फुटतात. मंगल कार्यालयातला उजेड आणखी तिसराच असतो. ‘कार्यालय कोणतं आहे? दिवे पिवळे की पांढरे?’ हे त्यांनी मला विचारले, ते मी कुठल्याही दुकानात विचारलेले ऐकले नाही. शेवटी त्यांनी साडीच्याच पातेल्यात उरलेल्या पाण्यातून रेशमाचा एक पांढरा तुकडा काढून ठेवला होता, तो दोनशे रुपयांना दिला. हे पाणी आधी फेकले असते तर जुळणी झालीच नसती, हे त्यांना साडी देतानाच माहीत होते आणि मला नव्हते.

साडी रंगवण्याचे साडेनऊशे आणि रोल प्रेसचे दीडशे रुपये झाले. ड्रायक्लीनरने सांगितलेला आकडा याहून थोडा कमी होता. नव्या साडीच्या किमतीपुढे दोन्ही आकडे किरकोळ आहेत, म्हणून पैशावरून निवड करू नये असे मी म्हणेन. सिंथेटिक साड्या इथे नेऊ नयेत, काका त्या घेतच नाहीत, आणि नाही म्हणताना जराही संकोच करत नाहीत. काठ वेगळ्या रंगाचा असेल तर तो बांधून घ्यावा लागतो, त्याचे पैसे आणि वेळ दोन्ही वाढतात, आणि बांधलेल्या रेषेवर रंग झिरपण्याचा संभव राहतो. सुती नऊवारी मात्र ते आनंदाने घेतात.

निघताना मी त्यांना विचारले की पाटीवर ‘रंगारी’ एवढेच का ठेवले आहे. लोक भिंतीसाठी येत नाहीत का? येतात, असे त्यांनी सांगितले. आठवड्यातून एखादा तरी फ्लॅटचे क्षेत्रफळ सांगत येतो. मुलाने नवी पाटी करायला दिली होती, तिच्यावर ‘कलर एक्स्पर्ट’ असे होते. ती मागे, पातेल्यांवर झाकण म्हणून ठेवलेली आहे. मी ती पाहिली. वाफेने तिचा ‘ए’ गळून गेला आहे.

रंगद्रव्यांचे मोठे अभ्यासक पुण्यातही होऊन गेले. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञानाच्या संस्थेतून येऊन १९५७ पासून पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालकपद सांभाळणारे के. वेंकटरामन हे कृत्रिम रंगांच्या रसायनशास्त्रातले जगन्मान्य नाव होते. त्यांना कोणी रंगारी म्हणाले नसते आणि म्हणायचे कारणही नव्हते. ते रसायनज्ञ होते, रेणूची रचना हा त्यांचा प्रांत. यंत्रावर छटेचा आकडा वाचून कृती दुरुस्त करणाऱ्यालाही ‘रंगतज्ज्ञ’ म्हणायला माझी हरकत नाही. ज्याला गिऱ्हाइकाचे बोलणे ऐकून, धागा जाळून, उजेड पाहून, बारा ग्रॅमांतला अर्धा ग्रॅम इकडचा तिकडे करावा लागतो, त्याच्यासाठी मात्र तयार शब्द असताना मी तो वापरला नव्हता, याची मला चुटपुट लागून राहिली.

पुस्तिकेच्या दुसऱ्या आवृत्तीची मुद्रिते गेल्या महिन्यात माझ्याकडे आली. चौदा ठिकाणी ‘रंगतज्ज्ञ’ होता. त्यांपैकी नऊ मी तसेच ठेवले, कारण तिथला माणूस प्रयोगशाळेत आहे. पाच ठिकाणी, जिथे तो पातेल्याजवळ उभा आहे, तिथे ‘रंगारी’ केला. संपादकांनी पाचही जागी समासात प्रश्नचिन्ह काढून पाने परत पाठवली आहेत. उत्तरादाखल मी त्यांना साडीचा फोटो आणि वहीतून फाडलेली ती पावती पाठवली. ‘रेशमी १, भि. आमसुली.’ ‘भि.’ म्हणजे काय, असे त्यांनी विचारले आहे.